अँग्रिया बँकच्या नावाने फिशिंग पॅकेज विकतायत, पैसे भरायच्या आधी हे वाचा

पाऊस सरला की गळाची आवड असलेली मंडळी बुकिंग शोधायला लागतील म्हणून आत्ताच लिहितोय. गेल्या सीझनला आम्हा पुण्याच्या चार मित्रांना एका एजंटने फसवलं. ऑक्टोबर ते मे असं सीझनचं पॅकेज, देवगडहून बोट, जिगिंगचे (धातूचं आमिष खोल सोडून झटके देत वर ओढायचं, तसल्या मासेमारीचे) रॉड-रील त्यांचेच, आणि मेन म्हणजे अँग्रिया बँक! फोटोत हातात मावणार नाही एवढे कोकर, मोडुसा. पूर्ण पैसे आधी, तेही कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर.

आता अँग्रिया बँक म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे, माथ्यावर साधारण 20 मीटर पाणी, आणि ते विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत आहे. आमची बोट पहाटे निघाली आणि दीड तासात "आलं अँग्रिया" म्हणून नांगर टाकला. हवा धुरकट, किनारा दिसत नव्हता, त्यामुळे कुणालाही पटेल असंच होतं सगळं. पण तेवढ्यात मित्राला घरून फोन आला, आणि आवाज एकदम क्लिअर! शंभर किलोमीटर आत मोबाईलला रेंज कुठून येणार? जीपीएस नेट नसतानाही चालतं, मॅप उघडला तर किनारा 17 किलोमीटरवर. नांगर वर घेतला तर त्याला सगळा चिखल. प्रवाळावर चिखल कसला येतोय? दिवसभरात राणीमासे आणि थोडे बांगडे मिळाले, मासे चांगलेच होते पण आम्ही पैसे त्याचे भरले नव्हते. तांडेलकाकांना, म्हणजे बोट चालवणाऱ्यांना, विचारलं तर ते बिचारे म्हणाले, "ह्या होडयेन अँग्रियाक कोण जाता?" त्यांना एजंटने फक्त पाव्हण्यांना फिरवून आणा एवढंच सांगितलेलं, भाडंपण अर्धंच दिलेलं. त्या माणसाचा यात काही दोष नाही हे मुद्दाम सांगतोय.

पुढच्या ट्रिपा एजंट ढकलतच राहिला, कधी वारा, कधी इंजिन, कधी खलाशी सुट्टीवर, आणि शेवटी तारखा दिल्या जूनच्या. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, पर्यटनाच्या बोटी तर 26 मेपासूनच बंद होतात, हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही माहिती असतं. मग म्हणे सरकारी बंदी आहे, रिफंड मिळत नाही! ठरवून केलेला डाव होता हा आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे.

फोटो गूगलवर टाकून बघितले तर ते ओमानचे निघाले.

बुकिंग करताना बोटीचा नंबर आणि मेरीटाईम बोर्डाचा प्रवासी परवाना व्हॉट्सॲपवर मागा, मासेमारीचं लायसन दाखवून गप्प बसवतात ते चालत नाही. लाईफ जॅकेट माणशी एक आहे का ते चढायच्या आधी बघा. शक्य असेल तर सरळ बंदरावर जाऊन तांडेलाशीच बोला, थोडेसेच पैसे आधी द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, चॅट डिलीट करू नका. आमची तक्रार दिलेली आहे, अजून कुणी याच पॅकेजमध्ये अडकलं असेल तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, एकत्र देता येतील.

त्याची ऑक्टोबरची जाहिरात परत चालू झालीय. नाव आणि नंबर वेगळा आहे, फोटो तेच.