कैगाचे 700 मेगावॉट की गोव्यात छोटी अणुभट्टी?

गोव्याच्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नडात कैगाचं अणुवीज केंद्र आहे. तिथे 220 मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत. पाचवी आणि सहावी प्रत्येकी 700 मेगावॉटची, अजून पूर्ण व्हायची. अशा एका भट्टीत 392 इंधननलिका, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं पाणी). इंधन चालू भट्टीतच बदलतात, त्यासाठी बंद ठेवावी लागत नाही. अडचण एकच: असा संच अचानक बंद पडला की ग्रिडमधून 700 मेगावॉट एका झटक्यात जातात आणि तेवढी राखीव वीज तयार लागते.

छोटी मॉड्युलर भट्टी, म्हणजे भारताच्या आराखड्यातली 200 मेगावॉटची, या बाबतीत सोपी. पण तिला किंचित समृद्ध केलेलं (युरेनियम-235चं प्रमाण थोडं वाढवलेलं) युरेनियम लागतं, आणि इंधनभरणीसाठी ती थांबवावीच लागते. 2025च्या अर्थसंकल्पात यासाठी 20,000 कोटी ठेवले, 2033पर्यंत पाच भट्ट्यांचं लक्ष्य आहे. कारखान्यात बनवून आणली तरी थंड करायला पाणी लागणारच; उष्णतेचा साधारण दोन-तृतीयांश भाग वायाच जातो. मांडवी-झुवारीच्या काठी ही उष्णता सोडायची, तर मासेमारीवाले गप्प बसतील का? वर भट्टीभोवती निर्जन पट्टा हवा. एवढी मोकळी जमीन गोव्यात मिळवणं महाकठीण, त्यामुळे आमचा कौल कैगाच्या वाट्याला.