सॅटेलाइट खेळावं की थेट बाय-इन भरावा?

पोकरच्या मोठ्या टूर्नामेंटमध्ये बसायचंय, पण सगळा बाय-इन, म्हणजे प्रवेशाची रक्कम, एकदम काढायला मन धजावत नाही. सॅटेलाइटकडे, म्हणजे जिथे बक्षीस म्हणून मोठ्या टूर्नामेंटची सीट मिळते अशा छोट्या टूर्नामेंटकडे, लक्ष जातं ते अशा वेळी. मग कुणीतरी सांगतं, "त्यात पडू नकोस, फी दोनदा जाते." मी दोन्ही वाटांनी बरेच दिवस खेळलोय. फीची तक्रार खरी आहे, पण माझा निर्णय फीवरून झाला नाही.

तरी हिशोब आधी बघूच. १०९ डॉलरची सीट धरा: १०० बक्षिसाच्या रकमेत, ९ ऑनलाइन साइटची फी. सॅटेलाइट ११ चं, म्हणजे १० अधिक १. ३३ जण बसले, ३३० जमले, त्यातून ३ सीट्स निघाल्या आणि ३ डॉलर उरले. सॅटेलाइटची फी ३३, शिवाय त्या तीन सीट्सच्या पोटातली २७. खेळाडूंनी भरलेल्या ३६३ पैकी ६० गेले, म्हणजे साडेसोळा टक्के. थेट भरले असते तर सव्वाआठ. सॅटेलाइटसाठीही सॅटेलाइट खेळत वर चढलात, तर दर पायरीला आणखी फी.

एवढं जाऊनही सॅटेलाइट परवडू शकतं. तिथे पहिला आणि शेवटची सीट मिळवणारा, दोघांना बक्षीस सारखंच. एक जण बाहेर पडला की उरलेल्या सगळ्यांना सीट मिळणार असते, तेव्हा भरपूर चिप्स असलेल्यानं एक्क्यांची जोडी, म्हणजे सुरुवातीचे सर्वांत भारी पत्तेसुद्धा टाकून द्यावेत, असे प्रसंग खरोखर येतात. पण पुष्कळ जण नेहमीच्या सवयीनं तिथेही चिप्स जमवायला धावतात आणि नको तेव्हा ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पणाला लावतात. माझ्या अनुभवात या चुकांतून जादा फी बऱ्यापैकी भरून निघते. दुसरी गोष्ट हमीच्या सीट्सची. पाच सीट्सची हमी आहे आणि ४०च जण आले, तर जमतात ४०० आणि द्यायचे असतात ५४५. दोन्ही फी मिळून ८५, साइटला मात्र पदरचे १४५ घालावे लागतात. असं सॅटेलाइट सोडू नये.

मला खटकलं ते तिकीट. मी एरवी २२ डॉलरच्या टूर्नामेंट खेळतो. सॅटेलाइट जिंकून हातात १०९ चं तिकीट आलं, पण ते त्याच टूर्नामेंटचं. रोख मिळत नाही, नाव मागे घेता येत नाही, तारीखही बदलत नाही. तीन-साडेतीन तास खेळून शेवटी बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावर, जीव मुठीत धरून बसलेला मी तासाभरात त्या टूर्नामेंटमध्ये होतो. डोकं थकलेलं, समोर माझ्यापेक्षा सरस खेळाडू, आणि एवढ्या रकमेची सवय नसल्यामुळे हात आखडलेला. हे तीनदा झालं. चौथ्यांदा त्याच टूर्नामेंटची दुसरी सीट जिंकलो, तेव्हाही रोख नाही. फक्त टूर्नामेंटमध्येच वापरता येईल असं क्रेडिट जमा झालं. तिकिटावर १०९ लिहिलेलं होतं, पण माझ्यासाठी त्याचं मोल तेवढं नव्हतं. तेवढे रोख मिळाले असते तर मी २२ च्या चार टूर्नामेंट ताज्या डोक्यानं खेळलो असतो.

सॅटेलाइटचं नाव निघालं की ख्रिस मनीमेकरचा दाखला येतोच. ८६ डॉलरच्या सॅटेलाइटपासून चढत त्यानं १०,००० ची सीट मिळवली आणि २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य टूर्नामेंट जिंकून २५ लाख डॉलर नेले. पुढच्याच वर्षीचा विजेता ग्रेग रेमरही सॅटेलाइटमधूनच आलेला. पण सीट देणाऱ्या शेवटच्या सॅटेलाइटमध्ये मनीमेकरला स्वतःला सीटपेक्षा चौथ्या क्रमांकाचे ८,००० रोख हवे होते, असं त्यानंच नंतर सांगितलंय. मला त्याचं ते वाटणं अगदी पटतं.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. खिशात रोख असते तरी हीच सीट घेतली असती, असं मनापासून वाटत असेल, तर सॅटेलाइट ही स्वस्त वाट आहे आणि दुहेरी फीला फार घाबरू नये. जिंकल्यावर नाव मागे घेऊन क्रेडिट घेता येतं, अशा साइटवर माझी तक्रारही निम्मी होते. म्हणून नियमांत ते आधी वाचा.

मी स्वतः आता बहुतेक वेळा २२ ची टूर्नामेंट थेट भरून खेळतो. हमीचं सॅटेलाइट दिसलंच, तर नोंदणी बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी लॉबी, म्हणजे साइटवरचं त्या टूर्नामेंटच्या माहितीचं पान, उघडतो आणि किती जमले, किती द्यायचेत ते बघतो. तूट दोन्ही फींपेक्षा मोठी असेल आणि मुख्य टूर्नामेंट दुसऱ्या दिवशी असेल, तरच बसतो.