कुटुंबासाठी घेतलेला स्नॉर्केलिंगचा संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

उष्ण कटिबंधातल्या बेटावर मुलांना घेऊन जायचं, कमरेएवढ्या पाण्यात तरंगत प्रवाळ आणि मासे पाहायचे, या कामासाठी चौघांचा एकत्र संच मिळतो. त्यात मोठ्यांचे आणि मुलांचे मास्क, 'ड्राय-टॉप' स्नॉर्केल (तोंडाने श्वास घ्यायची नळी, लाट आली की वरून बंद होणारी), फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे), फुगवायचं जॅकेट आणि जाळीची पिशवी असते. काही महिने खाऱ्या पाण्यात वापरल्यावर मत असं झालं: मोठ्यांचे मास्क उत्तम, स्नॉर्केल चांगला पण सतत काळजी मागणारा, फिन्स ठीकठाक आणि मुलांसाठी ते जॅकेट नकोच. खोक्यावर ज्या गोष्टींची जाहिरात असते त्यांच्यावर फारसं काही अवलंबून नाही. सहल सुखाची होते की नाही, ते सिलिकॉनची कड आणि नखाएवढी रबरी चकती ठरवते.

सुरुवात मास्कपासून, कारण निम्म्या तक्रारी इथल्याच. घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो त्या चेहऱ्याचा. पडला तर कितीही महाग असो, पाणी शिरणारच. ही परीक्षा घरातल्या प्रत्येकाची वेगळी घ्यायची. कड सिलिकॉनची हवी. पीव्हीसीची कड नवी असताना बरी वाटते, पुढे कडक होत जाते आणि गालाच्या वळणावर बसेनाशी होते.

पाणी शिरायला लागलं की लोक पट्टा आवळतात. होतं उलटंच. कड दबून मुडपते आणि फट वाढते. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर ठेवायचा आणि मास्क जागेवर राहील इतकाच ताण द्यायचा. पाण्याखाली पाण्याचाच दाब मास्कला चेहऱ्यावर धरून ठेवतो. मग उरतात तीन कारणं: कडेखाली अडकलेले केस, मिशा आणि सनस्क्रीन. मिशांवर कडेपुरतं पेट्रोलियम जेली लावलं तर गळती बरीच कमी होते. पण तेवढंच, सिलिकॉनवर ते रोज माखू नये. सनस्क्रीनचं मात्र कोणी सांगत नाही. वरच्या ओठावर आणि कपाळाच्या खालच्या पट्टीवर तेलकट थर असला की कड घसरते. कड टेकते तेवढी जागा कोरडी पुसून घ्या.

धुकं धरणं ही दुसरी तक्रार. कारखान्यातून येताना काचेच्या आत सिलिकॉनचा पातळ थर बसलेला असतो, वाफ त्यावर धरते. टेम्पर्ड काच असेल तर साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) बोटाने आतून चोळायची, धुवायची आणि हे तीन-चारदा करायचं. पण आधी संचातली चिठ्ठी वाचा: मुलांच्या मास्कची 'काच' बहुधा पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते. टूथपेस्टने तिच्यावर बारीक ओरखडे उठतात आणि ते जात नाहीत. ती भांड्यांच्या साबणाने मऊ कापडाने धुवावी. काचेवर धुकेरोधक लेप असेल तर काहीच घासू नये. त्यानंतर रोज पाण्यात उतरण्याआधी पातळ केलेल्या बेबी शाम्पूचा एक थेंब आतून फिरवून ओझरतं विसळलं की काम भागतं. थुंकीही तितकीच चालते, मुलांना तीच जास्त आवडते. मध्येच मास्क कपाळावर सरकवून गप्पा मारू नयेत. कपाळाच्या उबेने काच लगेच धुरकट होते. गळ्यात उतरवलेला बरा.

आता स्नॉर्केल. वरच्या टोकाचा तरंगता गोळा लाट आली की नळी बंद करतो, हे खरंच घडतं. पण वाळूचा एक कण किंवा वाळलेलं मीठ त्या बिजागरीत बसलं की तो अर्धवट अडकतो. मग एक तर पाणी येतं किंवा हवा थांबते, आणि दुसरं जास्त घाबरवणारं. खालचा पाणी काढायचा व्हॉल्व म्हणजे एक पातळ रबरी चकती. तिच्याखाली कण गेला की तोंडात थेंबाथेंबाने पाणी येत राहतं आणि माणूस दोष मास्कला देतो. किनाऱ्यावरच तपासा: वरचं तोंड तळहाताने बंद करून हवा ओढा. हवा आली तर खालची चकती गळते आहे.

मुलांना मोठ्यांची नळी देऊ नका. सोडलेल्या श्वासातली थोडी हवा नळीतच उरते आणि पुढच्या श्वासात परत आत जाते. मोठ्या माणसाचा शांत श्वास साधारण अर्धा लीटरचा, त्यामुळे त्याला ती खपते. लहान मुलाच्या छोट्या श्वासात तिचा वाटा मोठा होतो. दम लागतो, डोकं दुखतं. लांब नळी घेतली तर खोल जाता येईल, हाही गैरसमजच. नळीची लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात ती याच कारणाने, शिवाय छातीवर पाण्याचा दाब असताना वरून हवा ओढणं फार जड जातं. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मात्र आमच्या यादीत नाही. वापरलेली हवा बाहेर काढणाऱ्या झडपा स्वस्त मास्कमध्ये नीट नसतील तर कार्बन डायऑक्साइड साठतो. नाक चिमटीत धरता येत नसल्याने डुबकी मारल्यावर कानांवरचा दाब मोकळा करता येत नाही, आणि घाबरल्यावर तो झटकन निघतही नाही.

फिन्सबद्दल थोडक्यात. पायात सैल असतील तर टाचेला फोड येतात, पातळ निओप्रीनचे मोजे घालावेत. प्रवाळांवर उभं राहायचं नाही आणि त्यांच्याजवळ उभ्याने पाय मारायचे नाहीत. घट्ट, गोलसर प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, फिनच्या एका फटक्यात दशकांची वाढ तुटते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला फिन्स नसल्या तरी काही बिघडत नाही.

ते जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगत विसावा घ्यायला ठीक आहे. पण ते लाइफ जॅकेट नाही, त्यावर तसं बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. तोंडाने फुगवायची नळी, तिची टोपी नीट न फिरवल्यास हवा हळूहळू जाते, आणि बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्यावर धरत नाही. पोहता न येणाऱ्या मुलाला वजनाच्या मापाचं, पायांमधून पट्टा असलेलं फोमचं लाइफ जॅकेटच हवं, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर.

संचात नसलेल्या दोन गोष्टी घ्याच. पहिली, पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाला बसणारा, ताणणारा सदरा), यूपीएफ ५० चा, म्हणजे अतिनील किरणांचा सुमारे पन्नासावा भागच आत येतो. स्नॉर्केल करताना पाठ तासन् तास वर असते. ओला पांढरा सुती टी-शर्ट जवळजवळ उपयोगाचा नाही. अंग झाकलं की सनस्क्रीनही चेहरा, मान, हात आणि पोटऱ्यांपुरतं लागतं. ते झिंक ऑक्साइडचं घ्या. प्रवाळांना घातक मानल्या जाणाऱ्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री हवाईत २०२१ पासून बंद आहे, पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटराष्ट्राने २०२० पासूनच बंदी घातली. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असलं तरी.

दुसरी, जाड तळाचे रीफ शूज. मोज्यासारखे पातळ असतात त्यांतून सी अर्चिनचे काटे आरपार जातात. वाळूच्या तळावर पाय उचलून न टाकता घसटत चालावं, वाळूत दडलेला स्टिंग रे (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) हालचालीने आधीच निघून जातो.

डास आणि वाळूमाश्यांसाठी डीट असलेलं मलम लावलं असेल तर हात धुतल्याशिवाय मास्कला हात लावू नका. डीटने पॉलिकार्बोनेट डागाळतं आणि रॅश गार्डचा ताणही सैल पडतो. पिकारिडिन या दुसऱ्या कीटकरोधकाने हे होत नाही.

कुठल्या वेळी उतरावं यावरही संच चांगला की वाईट ठरतो. सकाळी वारा कमी असतो, तळ ढवळलेला नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला प्रवाळांवर पोटही टेकेल इतकं पाणी उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी ओढ जोरदार असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी शांत. भरतीच्या शेवटच्या तासात आत जाऊन ओहोटीची ओढ लागण्याआधी बाहेर यावं. ओढीत सापडलात तर तिच्या विरुद्ध न पोहता किनाऱ्याला समांतर पोहा.

काही महिन्यांत झिजलं ते असं: पारदर्शक सिलिकॉन पिवळसर झालं (काळं असतं तर दिसलं नसतं, कामात फरक नाही), बकलपाशी पट्ट्याला चिरा पडल्या, मुलांनी चावून एका स्नॉर्केलचा चावपट्टा (दातांत धरायचा रबरी भाग) फाडला. रोज गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून, व्हॉल्व बोटाने हलवून, सावलीत वाळवलं तरच हे सगळं टिकतं. उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवलेला मास्क कडेला कायमचा वाकतो. फिन्सच्या आतले प्लास्टिकचे साचे फेकू नका, त्यांच्याशिवाय पाऊल घालायची जागा चपटी होते.

बेटावर सुटे भाग मिळतीलच असं नाही. एक जादा पट्टा, दोन चावपट्टे, खालच्या व्हॉल्वच्या दोन चकत्या आणि मास्कला नळी धरून ठेवणारी रबरी कडी, एवढं जाळीच्या पिशवीत ठेवा. ती कडी सगळ्यात आधी हरवते.