यशिका मॅट-१२४जी की ऑलिम्पस ओएम-१: सत्तरीतल्या हातांसाठी

पोळ्याला बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की फोटोवाल्यालाही तासभर ताटकळावं लागतं. सत्तरीत तिथे कोणता फिल्म कॅमेरा न्यावा: वरून पाहायची, दोन लेन्सची यशिका की डोळ्याला लावायचा ओएम-१?

नुसत्या वजनावर ओएम-१ जिंकतो: बॉडी सुमारे ५१० ग्रॅम, ५० मिमी लेन्ससह पाऊण किलोच्या आत. यशिका १,१०० ग्रॅमच्या आसपास. पण वजन पेलतं कोण, तेही बघा. ओएम-१ दर वेळी डोळ्यापर्यंत उचलायचा; आखडलेला खांदा लवकरच कुरकुरतो. यशिका गळ्यात राहते, वरून काचेत पाहायचं, कोपरं बरगड्यांना टेकलेली. पट्टा ताणून धरला की हाताचा कंप बराच आवरतो, शिवाय ओएम-१ सारखा फोटो घेताना आत उसळून धक्का देणारा आरसा नाही. वावराच्या धुऱ्यावर बसून मांडीवर ठेवली तरी चालते.

खोट आहेच. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, चालत्या बैलामागे कॅमेरा भलतीकडे वळतो. रोलला बाराच फ्रेम, आणि सांधे धरलेल्या बोटांनी फिल्ममागच्या कागदाची जीभ स्पूलमध्ये (रिकाम्या रिळात) घालणं म्हणजे वैताग! ओएम-१ मध्ये छत्तीस. सेल नसला तरी दोघांचं शटर चालतं.

मानेचं दुखणं असेल तर ओएम-१. खांदा किंवा कंप असेल तर यशिका, आणि रोल भरायला नातवंड सोबत न्यावं.