‘लोड वाढवून दिला’ म्हणजे नेमकं काय बसवलं?

जुन्या फ्लॅटमध्ये एसी आला, बाथरूममध्ये इन्स्टंट गीझर बसला, स्वयंपाकघरात इंडक्शन आलं, की सकाळी सातच्या सुमारास एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, पडायला लागते. वायरमनला फोन होतो. तो एमसीबींची डबी उघडतो, वीस मिनिटांत काहीतरी बदलतो आणि सांगतो, ‘लोड वाढवून दिलाय, आता पडणार नाही.’ पाच-सात हजार घेऊन जातो. एमसीबी खरोखरच पडत नाही. फसवणूक नेमकी इथेच आहे.

हिशेब साधा आहे. वॅटला 230 ने भागलं की अँपिअर मिळतात. तीन हजार वॅटचा इन्स्टंट गीझर 13 अँपिअर खेचतो, दोन हजारांचं इंडक्शन पावणेनऊ, मायक्रोवेव्ह साधारण साडेपाच. जुन्या वायरिंगमध्ये हे तिन्ही पॉइंट बऱ्याचदा एकाच अडीचच्या (म्हणजे 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरवर असतात. बेरीज 27. तिथली 16 ची एमसीबी काही मिनिटांत पडते आणि ती पडायलाच हवी. ती गीझरसाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते.

वायरमन काय करतो? 16 काढून 32 ची लावतो. आता प्रमाण बघा. एमसीबीने तिच्या आकड्याच्या 1.13 पट करंट तासभर न पडता वाहू द्यावा, असं मानकच सांगतं. म्हणजे 32 ची एमसीबी 36 अँपिअरलाही तासभर गप्प राहणार. भिंतीतल्या पाइपमधून गेलेल्या 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरने सुमारे वीस अँपिअर न्यावेत. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून वीसऐवजी सत्तावीस गेले की ती जवळजवळ दुप्पट होते. साधं पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंतचं असतं. ते रोज थोडं थोडं कडक होत जातं आणि एखाद्या दिवशी जोडाजवळ तडकतं. त्याआधी सॉकेट पिवळट पडतं आणि प्लग काढताना पिना चटका देतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे एमसीबीच्या जागी आयसोलेटर. दोन्ही शेजारी ठेवले तर दिसायला भावंडंच. एमसीबीवर C16, C20 असं अक्षरासकट लिहिलेलं असतं आणि खाली चौकटीत 6000 किंवा 10000. आयसोलेटरवर नुसतं 40A आणि स्विचची खूण. तो नुसता खटका आहे, लोड कितीही होवो, आपणहून पडणार नाही. ‘आता अजिबात त्रास नाही’ असं कोणी छातीठोकपणे म्हटलं, तर आधी ते अक्षर शोधा. आरसीसीबीचंही तसंच. टेस्टचं बटण आणि 30 mA असलेली ती वस्तू करंटच्या गळतीसाठी आहे, ओव्हरलोडसाठी नाही. ‘ही सारखी पडते, काढून टाकू’ असं सुचवणाऱ्याला घराबाहेर काढा. ती पडते तेव्हा बहुतेकदा गीझरच्या एलिमेंटमधून करंट गळत असतो.

खरं काम असं: गीझरला डबीपासून स्वतंत्र चारची वायर आणि स्वतःची 20 ची एमसीबी. एसीलाही तशीच वेगळी लाइन. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह अडीचच्या वायरवर 16 च्या एमसीबीतच राहू देत. मीटरपासून डबीपर्यंत किमान सहाची वायर. मीटरवर 5-30 A छापलेलं असेल, तर एका वेळी चालणाऱ्या सगळ्या वस्तू मिळून त्याच्या आत बसल्या पाहिजेत. टाँग टेस्टर (वायरभोवती धरून करंट मोजणारा चिमटा) फेजच्या वायरला लावून सकाळच्या गर्दीतला आकडा समोर दाखवायला सांगा. तो न काढता ‘लोड कमी पडतो’ म्हणणारा अंदाजच सांगतोय.

वायरमध्येही मारतात. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार बाहेरून तांबूसच दिसते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. 90 मीटरच्या अडीचच्या भेंडोळ्यात नुसतं तांबंच पावणेदोन ते दोन किलो असतं. आख्खं भेंडोळं दीड किलोच्या आत भरलं, तर एक तर वायर बारीक आहे, नाहीतर मीटर कमी आहेत.

आता ‘ऑफिसमध्ये साहेबांना द्यावे लागतात’ असं सांगून वायरमन मागतो त्या रकमेबद्दल. वीजबिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो वाढवायचा तर वीज कंपनीकडे अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि ग्राहक क्रमांक असलेली पावती, एवढंच. पावती नाही तर अर्जही नाही. काम झाल्यावरही नव्या बिलात तो आकडा बदलला का, ते बघा. डबीतली एमसीबी बदलून मंजूर भार वाढत नाही, आणि मंजूर भार वाढवून भिंतीतली वायर जाड होत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत, एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे पैसे घेतले जातात.

पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्या: कुठून कुठपर्यंत, किती चौरस मिलिमीटरची, किती मीटर वायर, कोणत्या आकड्याची एमसीबी. आणि काढलेला माल घरीच ठेवायला सांगा. नवी वायर खरोखर ओढली असेल, तर जुनीचं काळवंडलेलं भेंडोळं पायाशी पडलेलं दिसेलच.