अंत्यकाळाच्या भविष्यवाण्या आणि आजची संकटे: अर्थ लावण्याच्या चार पद्धती

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. त्यानंतर एक गोष्ट ख्रिस्ती वाचकांमध्ये दूरवर पसरली: चेर्नोबिल या नावाचा अर्थ ‘कडूदवणा’ असा होतो, आणि प्रकटीकरण या योहानाने लिहिलेल्या, बायबलमधील शेवटच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात नद्यांवर व झऱ्यांवर कोसळून पाणी कडू करणाऱ्या ताऱ्याचे नावही कडूदवणाच आहे. ज्या वनस्पतीवरून त्या गावाचे नाव पडले ती कडूदवण्याच्या गोतातली असली तरी नेमकी तीच जात नव्हे, आणि अणुभट्टी आकाशातून पडली नव्हती. तरीही नावातले ते साम्य इतके ठसठशीत होते की अनेकांना त्यापुढे आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

जगातल्या आजच्या संकटांकडे पवित्र शास्त्राच्या आधारे कसे पाहावे हे ज्याला ठरवायचे आहे, त्याने या एका वचनापासूनच सुरुवात करावी, कारण अर्थ लावण्याच्या चारही प्रमुख पद्धती त्यावर निरनिराळे उत्तर देतात. भूतकालवादी वाचक, म्हणजे या भविष्यवाण्या बहुतांशी पहिल्या शतकातच पूर्ण झाल्या असे मानणारा, म्हणतो की यिर्मया संदेष्ट्याने अविश्वासू यहूदाला ‘कडूदवणा खाऊ घालण्याची’ भाषा वापरली होती, तेव्हा योहानाचा रोखही त्याच्या काळातल्या यरुशलेमेवरील न्यायाकडे आहे. भविष्यवाणी इतिहासाच्या ओघात टप्प्याटप्प्याने पूर्ण होते असे मानणाऱ्या इतिहासवादी परंपरेतल्या अनेक भाष्यकारांनी हा तारा म्हणजे पाचव्या शतकात युरोपावर चालून आलेला हूणांचा राजा अटिला असे मानले. भविष्यवाद्याच्या मते ही घटना अजून घडायची आहे. प्रतीकवादी वाचक आमोस संदेष्ट्याकडे बोट दाखवतो, ज्याने न्यायाचा कडूदवणा करणाऱ्यांना धारेवर धरले होते, आणि म्हणतो की जिथे जिथे सत्ता जीवनाचे झरे विषारी करते तिथे तिथे हा तारा कोसळतो. चेर्नोबिलचा थेट उल्लेख या चौघांपैकी कोणालाच अपरिहार्य नाही. वर्तमानपत्र आधी वाचून मग वचन शोधण्याची जी सवय आहे, ती खरे तर पाचवी पद्धत आहे. ती बहुधा भविष्यवादाचे कपडे घालून येते, एवढेच.

भूतकालवादाचे बळ मजकुरातच आहे. प्रकटीकरणाच्या पहिल्याच वचनात ‘लवकर’ घडणाऱ्या गोष्टींचा उल्लेख आहे, आणि शेवटच्या अध्यायात पुस्तकावर शिक्का मारू नकोस, कारण वेळ जवळ आली आहे, असे योहानाला सांगितले जाते. दानीएलाला याच्या नेमकी उलट आज्ञा होती: अंतसमयापर्यंत ग्रंथ मुद्रित करून ठेव. जैतुनाच्या डोंगरावर येशूनेही ही पिढी नाहीशी होण्यापूर्वी हे सर्व घडेल असे म्हटले, आणि इ. स. ७० मध्ये तीतच्या रोमन सैन्याने यरुशलेमेतील मंदिर जाळले तेव्हा ते ऐकणाऱ्यांपैकी काहीजण हयात असणारच. तारे पडतील, सूर्य अंधारेल, ही भाषा यशयाने बाबेलच्या पतनासाठी पूर्वीच वापरली होती आणि तेव्हा आकाश जागच्या जागी राहिले होते, हा या वाचकांचा आवडता, आणि माझ्या मते बिनतोड, मुद्दा आहे.

या पद्धतीची अडचण तारखेची आहे. दुसऱ्या शतकातील इरेनियसच्या म्हणण्यानुसार योहानाचे दर्शन दोमितियन सम्राटाच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ. स. ९५ च्या सुमारास झाले. ते मान्य केले तर इ. स. ७० चा विध्वंस प्रकटीकरणाचे भविष्य ठरू शकत नाही आणि सगळा भार रोमवर टाकावा लागतो. शिवाय सर्व काही पहिल्या शतकात पूर्ण झाले असे ठामपणे म्हणणारा टोकाचा भूतकालवाद पुनरुत्थान आणि अखेरचा न्याय यांनाही भूतकाळात ढकलतो. तिथे बहुतेक ख्रिस्ती परंपरा त्याची साथ सोडतात, आणि ते योग्यच आहे.

इतिहासवादाबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण आज ही पद्धत बहुतांशी अॅडव्हेंटिस्ट परंपरेपुरती उरली आहे. एके काळी मात्र प्रोटेस्टंट जगात तिचेच राज्य होते. धर्मसुधारक ल्यूथरने पोपसत्तेला ख्रिस्तविरोधी म्हटले, आणि आयझॅक न्यूटननेही दानीएल व प्रकटीकरण यांवर लिहिलेले भाष्य त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक दिवस म्हणजे एक वर्ष हे तिचे गणित. त्याच गणिताने अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरने दानीएलाच्या २३०० दिवसांचा हिशेब इ. स. पू. ४५७ पासून मांडला, आणि त्याच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी प्रभूच्या आगमनाची वाट पाहिली. तो दिवस उलटून गेला. प्रकटीकरणातील सहाव्या शिक्क्याची चिन्हे (भूकंप, काळा पडलेला सूर्य, पडणारे तारे) म्हणून १७५५ चा लिस्बनचा भूकंप, १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडमध्ये भरदिवसा पडलेला अंधार (जंगलातील वणव्यांचा धूर हे त्याचे कारण आज मानले जाते) आणि नोव्हेंबर १८३३ चा उल्कावर्षाव सांगितला जाई. या यादीत एक गोष्ट खटकते: सगळी चिन्हे युरोप-अमेरिकेला दिसलेली आहेत. इथिओपिया, सीरिया किंवा पर्शियातील प्राचीन मंडळ्यांच्या (चर्चच्या) इतिहासाला या नकाशात जवळजवळ जागाच नाही.

खरी निवड बहुतेकांना भविष्यवाद आणि प्रतीकवाद यांतच करायची असते, म्हणून तिथे अधिक थांबले पाहिजे. भविष्यवादाचे आजचे लोकप्रिय रूप एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याच्या शिकवणीतून आकाराला आले आणि १९०९ च्या स्कोफिल्ड टीपांसह छापलेल्या बायबलमुळे घरोघरी पोचले. मंडळीचे, म्हणजे विश्वासणाऱ्यांचे, स्वर्गात उचलले जाणे, त्यानंतर सात वर्षांचे मोठे संकट, मग हजार वर्षांचे राज्य, असा त्याचा क्रम आहे. यहुदी लोक आपल्या देशात परततील, असे हे वाचक १४ मे १९४८ च्या, म्हणजे इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेच्या, कितीतरी आधीपासून म्हणत होते, हे त्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. प्रभूचे आगमन ही कविकल्पना नसून इतिहासात घडणारी घटना आहे, हा आग्रहही याच पद्धतीने सर्वांत जिवंत ठेवला.

परंतु तिचा हिशेबही तपासला पाहिजे. प्रकटीकरणातील श्वापदाची, म्हणजे देवाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या सत्तेच्या प्रतीकाची, दहा शिंगे म्हणजे युरोपीय समुदाय, हे समीकरण एके काळी मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाई. १९८१ मध्ये ग्रीस आल्यावर सदस्य दहा झाले तेव्हा ते जुळल्यासारखे वाटले, १९८६ मध्ये ते बारा झाले आणि आज युरोपीय संघात २७ देश आहेत. यहेज्केलच्या ३८ व्या अध्यायात इस्राएलावर चालून येणारा गोग म्हणजे सोव्हिएत रशिया, हे तर जवळजवळ सर्वमान्य होते. १९९१ च्या अखेरीस ते राष्ट्रच विसर्जित झाले आणि मग त्याच वचनांचा रोख नव्या रशियाकडे वळवण्यात आला. त्यापूर्वी चौथ्या शतकातील बिशप अम्ब्रोसला गोग म्हणजे गॉथ वाटले होते आणि ल्यूथरला तुर्क. प्रत्येक पिढीला आपल्या दारातला शत्रू यहेज्केलात सापडला. चुकलेल्या अंदाजाचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडला, आणि मला यातली सर्वांत मोठी उणीव हीच वाटते. कारण जे विधान कोणत्याही घटनेने खोटे ठरत नाही, त्याला कोणत्याही घटनेचा आधारही मिळू शकत नाही.

भूकंपांचेच पाहा. चिन्हे वाढत आहेत असे म्हणताना भूकंपांचा दाखला हटकून दिला जातो. सात किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी पंधरा-सोळा होतात. एखाद्या वर्षी ते जास्त असतात, एखाद्या वर्षी कमी, पण दीर्घकाळात सतत चढणारी रेषा दिसत नाही. वाढली आहेत ती भूकंपमापक यंत्रे आणि बातम्या पोचण्याचा वेग. साथींबाबतही तसेच म्हणता येईल: १३४७ नंतरच्या काही वर्षांत काळ्या मृत्यूने युरोपातील लोकसंख्येचा निदान तिसरा हिस्सा नेला, तेव्हाच्या माणसाला शेवट जवळ आल्याची खात्री वाटण्यास २०२० मधील माणसापेक्षा अधिक कारण होते. मुख्य म्हणजे स्वतः येशूने लढाया, दुष्काळ आणि भूकंप यांची नावे घेऊन ‘घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही’ असेच सांगितले होते. ज्या वचनाने धीर द्यायचा त्याचाच गजर केला जातो, हे चमत्कारिक आहे.

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील श्वापदाच्या खुणेचा, म्हणजे हातावर किंवा कपाळावर घेतल्याशिवाय खरेदी-विक्री करता न येणाऱ्या, ६६६ या आकड्याशी जोडलेल्या खुणेचा, प्रश्न घेतला तर दोन्ही पद्धतींतला फरक अधिक स्पष्ट होतो. १९७४ मध्ये दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला, आणि पुढे तोच ६६६ चा ठसा असल्याचे सांगितले जाऊ लागले. नंतर तो मान कार्डाला, त्वचेखालच्या चिपला आणि लसीला मिळत गेला. याउलट, ‘नेरोन कैसर’ (रोमन सम्राट नीरो) ही अक्षरे हिब्रूत लिहून त्यांच्या अंकमूल्यांची बेरीज केली तर ६६६ येते, आणि शेवटचा ‘न’ गाळल्यास ६१६. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ हाच आकडा आढळतो, त्यामुळे हे उत्तर सहज बाजूला सारता येत नाही. हात आणि कपाळ यांचा उल्लेख जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात आज्ञा बांधण्याच्या संदर्भात येतो, म्हणजे खूण निष्ठेची आहे. पुढच्याच अध्यायात कोकऱ्याच्या अनुयायांच्या कपाळावर त्याचे व पित्याचे नाव लिहिलेले आहे. ते कोणत्या यंत्राने लिहिले, असे मात्र कोणी विचारत नाही. प्रतीकवादी वाचक इथे थुवतीरा आणि पर्गम येथील मंडळ्यांची आठवण देतो: सम्राटपूजेच्या आणि धंद्याच्या संघांतील मूर्तींच्या मेजवान्यांत सामील न होणाऱ्याला व्यवहारच अवघड होत असे. विवेक गहाण टाकल्याशिवाय बाजारात उभे राहता येत नाही, अशी परिस्थिती आजही कुठे कुठे निर्माण होते, आणि ती ओळखायला चिपची गरज पडत नाही.

प्रतीकवादाचा पाया ऑगस्टीनने प्रकटीकरणातील हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ मंडळीचा वर्तमान काळ असा लावला तेथपर्यंत मागे जातो. आजच्या आर्थिक आणि पर्यावरणीय प्रश्नांवर बोलायला मला हीच पद्धत सर्वांत समर्थ वाटते. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात काळ्या घोड्याच्या वेळी दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरता गहू मिळतो, पण तेल आणि द्राक्षारस यांना धक्का लागत नाही. महागाई कोणाच्या ताटातून काय काढून घेते याचे इतके नेमके चित्र अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सहसा मिळणार नाही. अठराव्या अध्यायात बाबेलसाठी रडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी सोन्यापासून सुरू होते आणि माणसांच्या जिवांपाशी संपते.

हवामानबदलाबाबत निवडीचा परिणाम प्रत्यक्ष वागण्यावर होतो. पृथ्वी शेवटी जळणारच आहे, तर तिची चिंता कशाला, हा निष्कर्ष भविष्यवादातून अपरिहार्यपणे निघत नाही, परंतु तो वारंवार काढला जातो, आणि त्यासाठी पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय पुढे केला जातो. तिथल्या दहाव्या वचनात काही हस्तलिखितांत पृथ्वीवरील कामे ‘जळून जातील’ असे आहे, तर सर्वांत जुन्या काही प्रतींत ‘सापडतील’, म्हणजे उघडी पडतील, असा शब्द आहे. न्याय आणि नाश यांत जेवढे अंतर आहे तेवढे या दोन पाठांत आहे. प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायाच्या अठराव्या वचनात तर पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचाच नाश होण्याची वेळ आल्याचे म्हटले आहे. फरात नदी आटत असल्याची छायाचित्रे सोळाव्या अध्यायाची पूर्तता म्हणून दाखवली जातात, तेव्हा तुर्कस्तान, सीरिया व इराक यांनी बांधलेली धरणे, शेतीसाठीचा उपसा आणि दुष्काळ यांचा उल्लेख गळून पडतो. कारणे माणसाची असतील तर पश्चात्तापही माणसालाच करावा लागेल, आणि संदेष्टे बहुधा हेच सांगायला आले होते.

म्हणून ज्याला निवड करायची आहे त्याला मी असे सुचवीन: अर्थाची सुरुवात पहिल्या वाचकांपासून करावी, इथे भूतकालवाद गुरू आहे, आजच्या सत्तेला, बाजाराला आणि भीतीला तो अर्थ लावताना प्रतीकवादाचा हात धरावा, आगमन, पुनरुत्थान आणि नवी पृथ्वी यांबाबत भविष्यवाद्यांची आशा सोडू नये, परंतु त्यांची वेळापत्रके घेऊ नयेत. मिश्रण म्हणून यावर कोणी नाक मुरडेल. पण सात मंडळ्यांना एकाच पत्रात त्यांचे आज, रोमचा उद्या आणि सृष्टीचा शेवट असे तिन्ही सांगणाऱ्या पुस्तकाला एकाच कप्प्यात बसवण्याचा हट्ट अधिक महाग पडतो. ज्याच्या मंडळीत भविष्यवादी शिकवण पक्की आहे त्याने ती टाकण्याचीही गरज नाही. शिक्षकाला एवढेच विचारावे की वीस वर्षांपूर्वी आपण कोणत्या घटनेला पूर्तता म्हटले होते, आणि तिचे पुढे काय झाले.

या निवडीत एक गाठ सुटत नाही, ती लपवू नये. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल इस्राएलाविषयी जे लिहितो, देवाची कृपादाने व पाचारण अनुतापरहित (परत न घेतले जाणारे) असतात असे जे म्हणतो, त्याचा उलगडा ‘इस्राएल म्हणजे आता मंडळी’ या एका वाक्याने करणारा प्रतीकवाद मला अपुरा वाटतो. तो अध्याय एखाद्या आधुनिक राष्ट्राच्या सीमांना किंवा युद्धांना मान्यतापत्र देत नाही. पण त्यातले अभिवचन पौलाने आपल्या रक्तामासाच्या लोकांबद्दलच लिहिले आहे, आणि त्या प्रश्नावर भविष्यवादी भाष्ये अजूनही वाचावी लागतात.