शनिवार-रविवारचा सांकेतिक भाषेचा वर्ग: फी वसूल, फक्त तो पडदा लावा

माझं कोथरूडला मेडिकलचं दुकान आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक बधिर जोडपं आहे. गोळ्या कशा घ्यायच्या ते मी कागदावर लिहून द्यायचो, पण लिहिलेलं मराठी ही त्यांची दुसरी भाषा. 'उपाशीपोटी' वाचून दोघं एकमेकांकडे बघायची. म्हणून भारतीय सांकेतिक भाषेचा प्राथमिक वर्ग लावला. तक्रारीही लिहिणार आहे, तेव्हा संस्थेचं नाव घालत नाही. शनिवार-रविवार दोन-दोन तास, फी साडेतीन हजार.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे शिकवणारे सर स्वतः बधिर आहेत. सुरुवातीला अर्धा तास एक दुभाषी मॅडम होत्या, मग त्या निघून गेल्या आणि वर्गात तोंडं बंद. लक्ष वेधायचं तर सर ट्यूबलाइट चालू-बंद करतात. आपण त्यांना बोलवायचं तर हात हलवायचा किंवा खांद्यावर हलकं थोपटायचं. दोघं खुणांनी बोलत असतील आणि वाट त्यांच्यामधूनच असेल, तर सरळ पटकन निघून जायचं. वाकून माफी मागत उभं राहिलात तर त्यांचं बोलणं जास्त तुटतं. असल्या गोष्टी व्हिडिओतून कळल्या नसत्या.

हात नुसते अर्धं काम करतात, हे दुसऱ्याच आठवड्यात ध्यानात आलं. हो-नाही विचारायचं तर भुवया वर जायलाच हव्यात, नाहीतर प्रश्न न होता साधं विधान होतं. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे 'नाव तुझं काय' ही रचना आपल्याला चटकन जमते. आणि 'काय'ची एकच खूण केवढं काम करते! चेहरा आणि काय म्हणजे कोण, जागा आणि काय म्हणजे कुठं, वेळ आणि काय म्हणजे केव्हा, संख्या आणि काय म्हणजे किती. माझ्या काउंटरवर लागणारे निम्मे प्रश्न एवढ्यात निघाले. पुरुषासाठी मिशी, बाईसाठी नाकातली चमकी, आणि नात्यांच्या खुणा त्यांना जोडून. इंग्रजी मुळाक्षरं दोन्ही हातांनी काढतात. पाच स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांवर, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. अमेरिकन भाषेत हीच अक्षरं एका हातानं काढतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून पाठ करून आलेल्या दोघा-तिघांना सगळं पुसून नव्यानं सुरुवात करावी लागली.

चहाच्या सुट्टीतही खुणाच. सरांनी शाळेच्या गोष्टी सांगितल्या त्या तेव्हाच. वर्गात ओठ वाचा, बोला, हात खाली ठेवा. खरी भाषा मिळाली ती वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून. सरांनी प्रत्येकाला नावाची खूणही दिली. ती दिसण्यावरून किंवा सवयीवरून ठरते आणि त्यात भीडभाड नसते. माझी टकलावरून आहे. बायकोला पसंत पडली.

घरी सरावासाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश चांगला आहे. 2021च्या आवृत्तीत दहा हजार शब्द झाले, व्हिडिओ फुकट आहेत, 2022पासून 'साइन लर्न' नावाचं अ‍ॅपही आहे. विसरलेली खूण शोधायला उत्तम. पण अ‍ॅप तुमच्या भुवया बघून 'परत कर' म्हणत नाही, ते सरच म्हणतात. शिवाय काही खुणा शहरागणिक वेगळ्या असतात. त्या दिसल्या की सर आधी इकडची दाखवतात, मग कोशातली.

आता तक्रारी. सरांच्या मागे मोठी खिडकी. सकाळी ऊन आलं की सरांचा चेहरा काळा दिसतो, आणि या भाषेत चेहरा दिसला नाही म्हणजे आवाज गेल्यासारखंच. दोनदा सांगूनही पडदा आला नाही. बाकं शाळेसारखी एकामागे एक, त्यामुळे मागच्यांना सरांच्या हातांऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात. अर्धवर्तुळात खुर्च्या मांडायला काय खर्च येतो? तीस जणांची बॅच तर फारच मोठी. माझ्या वाट्याला सरांसमोर प्रत्यक्ष बोलायला जेमतेम काही मिनिटं यायची. आणि बधिर मंडळींशी गप्पांचा जो 'भेट दिवस' पत्रकात छापलाय, तो झालाच नाही. नव्या माणसाला खरी गरज त्याचीच असते.

गाण्यावर हातवारे करून रील टाकायचं असेल तर इथं कंटाळाल. आमच्यातले तसे दोघं मधूनच गळाले. दुभाषी व्हायचं असेल तर हा वर्ग म्हणजे नुसती तोंडओळख, त्यासाठी दोन वर्षांची पदविका असते. पण दुकानदार, बँकेतली माणसं, नर्स, रिक्षावाले, ज्यांच्यासमोर बधिर माणूस कधी ना कधी उभा राहतोच, त्यांनी जरूर जावं. मला आता डोस, वेळ, जेवणाआधी-नंतर, 'डॉक्टरांना विचारा' एवढं नीट सांगता येतं. त्या जोडप्यातल्या ताई माझ्या भुवयांना अजून हसतात, पण कागद मागत नाहीत.

पाचपैकी साडेतीन तारे. पडदा लावला तर चार. जाणार असाल तर लवकर पोचा आणि पुढचं बाक धरा.